कडं चिकटवलेला कॅमेरा

मित्रांनो, माझं वय अवघं चार वर्षं. पण कपाटात पडून राहिलं की कॅमेरासुद्धा म्हातारा होतो, बरं का!

कॉलेजजवळच्या इंदिरानगरातल्या भाड्याच्या खोलीत स्नेहलने मला घडवलं. ती तेव्हा इंजिनीअरिंगला होती आणि तिचे पप्पा, सोमनाथ, कळवणकडे वनरक्षक. शिकारी झुडपांत हिरव्या प्लास्टिकच्या तारेचे फास लावतात. ते पानांत असे मिसळतात, की जनावराचा पाय अडकेपर्यंत कळत नाहीत. ते शोधायलाच माझा जन्म. माझ्या भिंगापुढे खास काचेचं एक कडं आहे. गुळगुळीत तारेवरून परतणारा उजेड एका ठरावीक दिशेने थरथरतो, पानांवरचा कसाही विखुरतो. बटण दाबलं की इवलीशी मोटर कडं फिरवायची. पडद्यावर पानं जवळपास तशीच राहायची, तार मात्र उजळायची, विझायची, पुन्हा उजळायची. तेही दिवेलागणीच्या अंधुक उजेडात! पहिल्याच आठवड्यात आम्ही अकरा फास काढले. सोमनाथ म्हणाले, "लय गुणाचं लेकरू हायेस!" मी नुसता फुगलो होतो.

मग स्नेहलला बंगळूरला नोकरी लागली. इकडे रानातून मला नेताना माझं कडं खडखडायचं. सोमनाथांना वाटलं, ढिलं झालंय, रानात पडून जाईल. लेकीची वस्तू ती! त्यांनी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे दोन थेंब सोडले. झालं! कडं फिरेना, तार दिसेना.

आपल्या हातून यंत्र गेलं, हे त्यांनी मनाला लावून घेतलं आणि मला कपाटात ठेवून दिलं. फोनवर स्नेहल विचारायची, "पप्पा, कॅमेरा कसा चाललाय?"

"एकदम झकास!"

फोन ठेवला की कपाटाकडे बघत बसायचे. अहो, खरं सांगून टाका ना, असं मला ओरडावंसं वाटे. तिच्या बोटांची फार फार आठवण यायची. ते मात्र रोज झुडपं हातांनी चाचपत हिंडायचे. एकदा फासात मेलेलं भेकर सापडलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

यंदा दिवाळीला ती आली. तिने बटण दाबलं, मोटर नुसतीच गुरगुरली.

"पप्पा, हे चिकटवलं कोणी?"

"मीच गं. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय."

"एक फोन करायचा ना! तिकडे मी तुमच्याशी बोलायची वाट बघायचे, आणि तुम्ही झकास म्हणून फोन ठेवून द्यायचात."

तिने ब्लेडने गोंद खरवडला. काचेला चरा गेला, पण कडं फिरलं. त्याच संध्याकाळी बापलेकीने तीन फास काढले. चार दिवसांनी ती परत गेली.

मित्रांनो, वस्तू बिघडली तर लाजू नका. जिने घडवली तिला विचारा.

सोमनाथ आता दर रविवारी फोन लावतात. "स्नेहल, बटण जरा जड लागतंय गं." मग तासभर बोलणं चालतं. बटण अगदी हलकं आहे हो. पण मी कशाला बोलू?