त्या पाचाचं काय झालं?

ताईच्या अंडी उबवायच्या यंत्राचा प्रोग्राम माझा, म्हणून शिव्याही मलाच. अंडी फिरवायला दार उघडलं, की ठरवून दिलेलं साडेसदतीस अंश तापमान पुसून तिथे शून्य यायचं आणि हीटर बंद. पहिली खेप अशीच गार पडून वाया गेली. दुसरी आता आत होती.

"या वेळी काही झालं ना, तर तुझं तोंड बघणार नाही," ताई म्हणाली. नोकरी सोडून तिने हा खटाटोप मांडला होता.

खुणेसाठी म्हणून मी प्रोग्रामात एक जादा व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, टाकला आणि त्यात पाच ठेवले. पुन्हा पुन्हा दार उघडून पाहिलं. तापमान जागचं हललं नाही!

"झालं की! आता हात लावू नकोस."

मला कुठली चैन पडायला? न दुरुस्त करता दुरुस्त झालेलं यंत्र मला सहन होत नाही. लॅपटॉप जोडून मेमरी पाहिली. पाचाच्या जागी शून्य. प्रोग्रामात तर त्याला कुणी शिवतही नव्हतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. चिपची मेमरी म्हणजे एक अरुंद फळी. कायमचे व्हेरिएबल लिंकर, म्हणजे प्रोग्राम जुळवून मेमरीत जागा वाटणारं सॉफ्टवेअर, एका टोकापासून मांडत जातो. फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका तुकड्याचं, तात्पुरतं सामान, म्हणजे स्टॅक, दुसऱ्या टोकाकडून सरकत येतं आणि ते कुठवर येईल हे लिंकर बघत नाही. दार उघडताच दिवसभराचा आलेख दिसावा, हा ताईचा हट्ट. त्यासाठी मी फंक्शनमध्येच आकड्यांची भलीमोठी रांग, म्हणजे अ‍ॅरे घेतला होता. स्टॅक थेट शेवटच्या व्हेरिएबलवर चढत होता. आधी तिथे तापमान होतं, आता बिचारे पाच.

"मार खायला कुणीतरी आहे ना? मग राहू दे की."

"त्याच्यामागे तुझं साडेसदतीसच आहे, ताई. स्टॅक अजून जरासा सरकला की संपलं."

मग ताईनेच प्लग काढला.

मी अ‍ॅरे कायमच्या व्हेरिएबलांत टाकला आणि स्टॅकसाठी जागा राखून ठेवली. लिंकरने साफ नकार दिला, जागा पुरत नाही म्हणून; या वेळी टक्कर आधीच पकडली गेली. एवढा गोड नकार मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"आलेख अर्ध्याच दिवसाचा मिळेल."

"चुलीत घाल तो आलेख. अंडी गार होतायत, आटप!"

यंत्र सुरू झालं. ताईने दार उघडून एक अंडं टॉर्चवर धरलं.

"पाच आहेत का गं?" तिने विचारलं.

मी लॅपटॉपवर मेमरी पाहिली. "पाचच आहेत."

तिच्या मुठीत, उजेडात, काहीतरी हललं.