ॲलर्जीचा रकाना

मी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहिते, पण नसत्या चौकशा करायची माझी खोड जुनी आहे. म्हणूनच बालविभागाच्या सिस्टरना चार वाजता निष्काळजीपणाची नोटीस मिळणार हे कळताच मी हातातलं काम टाकून त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसले.

आरोप असा, की त्या मुलांच्या ॲलर्जीची नोंदच करत नाहीत. रकाने रिकामे होते. एका मुलीला न चालणारं औषध टोचता टोचता राहिलं, तेही तिच्या आईने वेळीच अडवलं म्हणून. सिस्टर म्हणत होत्या, मी भरलंय. पण बाकीच्या विभागांत सगळं सुरळीत, मग यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? आमचं सॉफ्टवेअर काही गाळत नाही, असं मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

मी त्यांना माझ्यासमोर एक नोंद करायला लावली. एका बोटाने, अक्षर न् अक्षर पुटपुटत त्यांनी ‘पेनिसिलिन’ लिहिलं, सेव्ह केलं. नोंद पुन्हा उघडली, तर पेनिसिलिन जागेवर. प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला, तर रकाना कोरा. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आधी मजाच वाटली. तोंडावर हो म्हणून पाठ फिरताच विसरणारी माणसं पाहिली होती, प्रोग्रॅम पहिल्यांदाच पाहत होते.

मग कोड उघडला. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत ॲलर्जी असलीच पाहिजे, असा करार मी इंटरफेसमध्ये, म्हणजे नोंदीत काय काय हवं ते ठरवणाऱ्या भागात, लिहिला होता. मोठ्यांच्या नोंदींत ती डेटाबेसच्या कुठल्या खान्यात ठेवायची, तेही मॅपरला, म्हणजे नोंदी तिथे नेऊन ठेवणाऱ्या भागाला, सांगितलं होतं. महिन्यापूर्वी मुलांच्या नोंदी वेगळ्या केल्या, तेव्हा करार पाळला, पण खाना सांगायचा राहिला. न सांगितलेलं मॅपर साठवत नाही आणि तक्रारही करत नाही; प्रोग्रॅम बंद होईपर्यंत ते नुसतं त्याच्या तात्पुरत्या आठवणीत राहतं. करारात आहे म्हणजे आपोआप साठेल, असं मी धरून चालले होते. दिव्याखाली अंधार, आणि दिवा मीच.

चारला दहा कमी असताना मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन चूक माझी असल्याचं सांगितलं. त्यांनी नोटीस फाडली आणि सगळ्या मुलांच्या घरी आजच्या आज फोन करून ॲलर्जी पुन्हा विचारून घ्यायला मला सांगितलं.

मी बाहेर पडले, तर सिस्टर दारातच उभ्या होत्या. चिडतील असं वाटलं, पण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“म्हणजे मी खरंच भरलं होतं?”

“हो सिस्टर. प्रत्येक वेळी.”

त्या बाकावर मटकन बसल्या.

“तीन आठवडे रोज स्वतःलाच विचारतेय, मला विसरायला होतंय का. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं.”