निर्गुडीचा शेक

मी सोलापुरात फार्मसीच्या पोरांना शिकवते, म्हणजे मला सगळं कळतं असा माझा आणि पोरांचा समज आहे. माझ्या सासूबाईंचा, केराबाईंचा, तो कधीच नव्हता.

माळशिरसकडच्या आमच्या गावी त्यांनी अकरा वर्षं सासऱ्यांच्या सुजलेल्या सांध्यांना निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला. शेकून झालं की सासरे म्हणायचे, "बरं वाटतंय बघ आता." ते गेल्यावर आत्या आमच्याकडं राहायला आल्या. सासूला आम्ही आत्याच म्हणतो. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "प्रियंका, त्या पाल्यात खरंच काय असतंय का गं? का मालक आपलं माझ्यासाठी म्हणत हुते? तुमच्या कॉलेजात कळंल की."

मला भडभडून आलं. ते लपवायला मी बढाई मारली, "पंधरा दिवसांत सांगते तुम्हाला."

गावाहून पाला मागवला. चाचणी साधी. अंड्यातल्या पांढऱ्याचं पाणी तापवलं की दुधाळ होतं. त्यात घातलेल्या पाल्याच्या अर्कात सूज उतरवणारं काही असेल, तर ते बरंचसं नितळ राहतं. माझ्या नळ्या पांढऱ्याफटक झाल्या. तीनदा केलं, तीनदा तेच.

खोटं सांगावं असं फार वाटलं, पण आत्यांनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

"न्हाय ना काय त्यात?" म्हणाल्या. "म्हंजी अकरा वर्सं सोसलं की त्यांनी. आन् मला कळू दिलं न्हाय."

दोन दिवस त्या ताटावर नुसत्या बसून उठायच्या. माझाच मला राग आला. कुणी सांगितलं होतं नसती हुशारी दाखवायला?

तिसऱ्या दिवशी पापड्या उलटायला त्या गच्चीवर आल्या. एप्रिलचं ऊन वाया घालवायचं नाही, ही आमच्या गल्लीची रीत. उरलेला पाला मी पापड्यांच्या शेजारीच पसरला होता. आत्या थबकल्या.

"पयला पाला बी हितंच वाळवला?"

"हो. एका दिवसात कडक वाळला."

"अगं, पाला हाय का पापड? सगळा वास उडाला की! बाजंखाली वाळवायचा असतोय, सावलीला, चार-पाच दिस."

डॉक्टरेट मिळवलेली मी मान खाली घालून उभी. हे पुस्तकातही आहे, मीच शिकवते. पण ऊन दिसलं की आमचे हात आपोआप चादर पसरतात.

नव्यानं मागवलेला पाला आत्यांनी स्वतः दिवाणाखाली पसरला, रोज वाकून हलवला. तो वाळल्यावर मी त्यांना कॉलेजातच घेऊन गेले. त्यांच्यासमोर नळ्या तापवल्या. एका नळीत अंड्याच्या पांढऱ्यात अर्काऐवजी नुसतं पाणी, ती दुधाळ झाली. दुसरीत त्यांच्या पाल्याचा अर्क. ती नितळ राहिली, पलीकडचा त्यांच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

नळीत दिसलं ते माणसाच्या सांध्याला लागू पडेलच असं नाही, हे मी वर्गात दहादा बजावते. त्या दिवशी गप्प बसले.

"मग दुखणं कमी हुत हुतं त्यांचं," आत्या हळूच म्हणाल्या. "खरंच बरं वाटत हुतं."

आणि स्टुलावर बसून, पोरांसमोर, पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, "आत्या, रडू नका ना."

"रडू दे गं," त्या म्हणाल्या. "आता रडता येतंय."