तारा जोडणारी कुर्ली

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, तरी सांगतो. त्रेसष्ट साली मालवण बंदराजवळच्या एका प्रयोगशाळेत मी वायरमन होतो. तिथे टाकीत एक कुर्ली, म्हणजे मोठा खेकडा, ठेवलेली. तिने टाकीतल्या पत्र्यावर पाय दिला की एक तार मोजणीच्या पेटीला तसं कळवी, पेटी आकडा एकाने वाढवी आणि दुसऱ्या तारेने मोटर फिरवी. मग डब्यातला एक खारा बांगडा टाकीत पडे.

आषाढात, गावात मासळीचा दुष्काळ असताना, डबा भराभर रिकामा होऊ लागला. पेटीत मात्र आकडा हलेना. म्हणजे कोणीतरी पेटीला वगळून तारा थेट मोटरला जोडत होतं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी माझे हात हुंगले. म्हणाले, "परब, ही जोडणी इथे तुम्हालाच येते. उद्यापर्यंत चोर दाखवा, नाहीतर घरी बसा."

मी कपाटाआड दडून बसलो. बघतो तर कुर्ली टाकीबाहेर आली, एका नांगीत बॅटरीची तार धरली, दुसरीत मोटरची, आणि दोन्ही टोकं जुळवली. पडलेला बांगडा तिने सावकाश खाल्ला. साहेबांना मी पुरावाच दाखवला, टाकीच्या काठावर रांगेत मांडलेले काटे.

पडवीत माझी ही गोष्ट ऐकणारी मंडळी माना डोलावू लागली. माझी बायको काशीबाई सुपारी कातरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "कुर्ली काटे रांगेत मांडणा नाय. जेवताना काटे असे मांडणारो ह्या वाडीत एकच आसा, आणि तेचा ताट रोज मीच घासतंय."