मशीनवर फोडलेला नारळ

अरे ऐका तर, पूर्वीने त्या दुपारी दोरी इतकी खेचली, इतकी खेचली की तळहाताची सालं निघाली, आणि मशीन आपली ढिम्म. नुसतं फट्ट. परत फट्ट.

परळच्या त्या क्लबच्या मैदानावर गवत कापायची मशीन चालवायचे ते तिचे बाबा, गुणाजी. मैदानाच्या भिंतीला लागूनच त्यांची चाळ. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हापासून गुणाजी कॉटवर. जेवण बंद, बोलणं बंद. त्या सकाळी मात्र पोरीचा हात धरून म्हणाले, "पूर्वे, माका एकदा मशीन आयकव गो."

बस्स. ना गाव मागितलं, ना देव. आणि तेवढंच हिला जमेना!

मदतीला हितेंद्र होता, चिंचपोकळीला गॅरेज आहे ना, तो.

"ठिणगी पडतेय," पूर्वी रडकुंडीला आलेली. "फिल्टर धुतला, टाकी भरलेली आहे. मग हिला झालंय काय?"

"रुसलीय. तुझ्यावर गेलीय."

"थोबाड बंद कर आणि खेच."

त्याने खेचली. फट्ट. मग प्लग काढून उन्हात धरला. "ओला येतोय बघ. आत काहीतरी पोचतंय, पण जळत नाहीये."

पूर्वीने त्याच्या हातातून प्लग ओढला आणि जिन्याने धावत वर. सुभद्रा, तिची आई, गुणाजींचं कपाळ पुसत बसलेली, ती खेकसलीच. "अगो, ह्या काय आणलंस माणसाच्या नाकाशी!"

पूर्वीने ऐकलंच नाही. प्लग बाबांच्या नाकाजवळ धरला. गुणाजींचे डोळे मिटलेले, पण त्यांनी वास घेतला, सावकाश. आणि कपाळाला आठी पडली. ओल्या पिचवर कोणी बूट घालून चाललं की पडायची, तश्शी.

"आंबलेल्या नारळाचो वास येता. दसऱ्याक नारळ खंय फोडलंस?"

"मशीनवरच, बाबा. तुम्ही फोडता तसा."

"आणि टाकीवरची पिशवी?"

यंदा मशीनची पूजा पहिल्यांदा तिने केलेली. घासूनपुसून नवरीसारखी चकाचक केली, आणि टाकीच्या झाकणावर बांधलेली ती कळकट प्लास्टिकची पिशवी फेकून दिली. झाकणाचे आटे कधीच गेलेले, पिशवी त्याच्यासाठी होती, हे हिला कुठे माहीत! मग हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि नारळ नेमका टाकीवर. सगळं पाणी पेट्रोलमध्ये.

"मीच मारली बाबा तिला."

गुणाजींचे ओठ हलले. हसले असावेत. "मरता खंय? तिचां पोट धू."

ती खाली आली. टाकी उपडी केली, कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाला पाण्याचे मणी लोळत होते, त्यांत खोबऱ्याचा कण. हितेंद्रच्या ओठांवर जोक आलेला, तिचं तोंड बघून त्याने गिळला. वाटी पुसली, प्लग सुकवला, नवं पेट्रोल ओतलं.

खेचली. फट्ट.

खेचली, आणि धडधडली ना!

हितेंद्र वेड्यासारखा ओरडला. पूर्वीने मशीन ढकलत थेट गॅलरीखाली नेली आणि वर बघितलं. आई कठड्याशी आली. तोंडात पदर कोंबलेला. तिने हात उचलला आणि जोरजोरात हलवला. चालव. चालव, थांबू नको.

तेव्हा पूर्वीला कळलं.

थांबली नाही ती. चाळीसमोरचा पट्टा कापला, वळली, त्याला चिकटून दुसरा. बाबांचे पट्टे दोरी धरल्यासारखे सरळ असायचे. हिचे वाकडे गेले, दिसत कुठे होतं काही.

आई पुढे कितीतरी दिवसांनी म्हणाली, "आयकल्यानी गो. 'लागली मशीन' म्हणाले, आणि गेले. मशीन बंद केली असतीस तर अख्खी चाळ धावली असती. मशीनचो आवाज होतो, म्हणून पोटभर रडलंय मी."

गवत संपलं. आता गुणाजींचा नियम असा, की इंजिन बटणाने बंद करायचं नाही. पेट्रोलचा कॉक फिरवायचा आणि पोटातलं असेल नसेल ते पिऊन तिला आपली आपण शांत होऊ द्यायची. पूर्वी वाकली, कॉक बंद केला. मशीन तरी चालूच.

"वर चल पूर्वी," हितेंद्र हळूच म्हणाला. "मी बघतो हिचं."

"थांब रे," ती म्हणाली. दोन्ही हात दांड्यावर घट्ट. "अजून थोडं आहे."