तहानलेल्या फळीची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे, बागेच्या कुंपणातली, फाटकाला लागून उभी असलेली. फाटक इतकं कुरकुरतं, की पाहुणे आल्याचं घराआधी शेजाऱ्यांना कळतं.

आम्हा फळ्यांना या घरच्या बाबांनी घडवलं. कुंपणापलीकडे तळं आहे आणि तेव्हा त्यांची लेक नुकती चालायला लागली होती. ती सारखी पाण्याकडे धावायची. तिच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून बाबांनी आम्हाला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि मग जवसाचं तेल पाजलं.

पुढे दरवर्षी पावसाआधी बाबा तेलाचा डबा आणि आपला जुना निळा सदरा घेऊन येत. लेक माझ्यावर पाणी शिंपडायची. थेंब वरच थांबले तर तेल शाबूत. आत जिरले, की ती ओरडायची, "बाबा, हिला तहान लागलीय!" मग बाबा त्या सदऱ्याने तेल चोळत. त्याला एक बटण राहिलं होतं, ते मला ओरखडायचं. "उद्या काढतो," बाबा दरवर्षी म्हणायचे. तो उद्या काही उजाडला नाही.

बाबा गेले. लेकीच्या नवऱ्याने हौसेने आम्हाला पांढराशुभ्र रंग दिला, पण आदल्या दिवशीच्या पावसाने आम्ही चिंब होतो. बघणारे वाहवा करत होते आणि आत पाणी कोंडलं होतं. हळूहळू रंगाला फुगे आले, पोपडे सुटले आणि आमचे पाय कुजले.

"उपटून टाकू सगळं," एक दिवस तो म्हणाला. "आपलं बाळ चालायला लागलंय. लोखंडी जाळी बसवू, कटकट मिटेल."

माझं तर धाबंच दणाणलं. झाडांना पाणी घालता घालता लेकीने माझा एक पोपडा नखाने काढला, उघड्या लाकडावर ओली बोटं झटकली. थेंब जिरून गेले. ती तिथेच उभी राहिली.

"अहो, इकडे या. हिला तहान लागलीय."

"अगं, कुजलीय ती!"

तिने किल्ली टोचून पाहिली. पायाशी ती रुतली, वर मात्र रुतेना. "पाय गेलेत फक्त. बाकी ठणठणीत आहे."

मग दोघांनी मिळून आमचा रंग खरवडला, कुजके पाय कापले. आम्हाला उन्हात खडखडीत वाळवलं आणि मातीला न टेकवता पुन्हा ठोकलं. तेल चोळायला फडकं शोधताना अवजारांच्या पेटीत तो निळा सदरा निघाला.

"बटण काढू?" त्याने विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

मित्रांनो, लाकडाला रंग देण्याची घाई करू नका. आधी ते कोरडं होऊ द्या आणि वर्षातून एकदा पाणी शिंपडून आमची तहान विचारा. आता मी वीतभर बुटकी झाले आहे. पण रोज सकाळी एक बाळ मला धरून तळ्याकडे बघत उभं राहतं, आणि त्याच्यासाठी माझी उंची अजून पुरते.