उजव्या डोळ्यातली बारीक नस

मी एक नस बोलतेय. केसाहून बारीक आहे. पत्ता सांगायचा तर मडिवाळप्पांचा उजवा डोळा, मागचा पडदा. समोरचं चित्र ज्या पातळ पडद्यावर उमटतं, त्याला रक्त पोचवायचं काम माझं आणि माझ्या बहिणींचं. अख्ख्या शरीरात आम्हीच अशा, की कापाकापी न करता डॉक्टर आम्हाला नुसत्या भिंगातून बघू शकतात. पण मालकांनी बघू तर द्यायला हवं.

आमचे मालक सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात माल तपासतात. अठ्ठावीस वर्षं हेच काम. तुटका धागा, गाठ, तेलाचा ठिपका, सगळं त्यांना लांबूनच कळतं. "माझ्या नजरेतून काय बी सुटत न्हाय," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. त्या नजरेचं श्रेय मला एकदाही मिळालेलं नाही.

तरुणपणी माझी भिंत घट्ट होती. रक्त आतून वाहायचं, बाहेर थेंबसुद्धा नाही. चाळिशीत मालकांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली, ती त्यांनी खरंच बंद केली. बिनसाखरेचा चहा ते चारचौघांना दिसेल असा प्यायचे आणि घरी येऊन तुपाबरोबर चार-चार शेंगापोळ्या खायचे. बायको, गौरम्मा, हटकायची. "अगं, ह्यात गूळ हाय. साखर कुटं हाय?" हे त्यांचं उत्तर. गूळ रक्तात उतरल्यावर काय करतो, ते मला विचारायचं होतं.

रक्त तपासायचं असलं की मात्र आधी चार दिवस कडक भाकरी आणि मेथीची भाजी. रिपोर्ट छान यायचा. तो ते कारखान्यात दाखवत फिरायचे आणि त्याच दिवशी पोळ्यांचा डबा उघडायचे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी डॉक्टरांनी सुचवली, तर म्हणाले, "जुनं कशाला उकरायचं? आजचं बघा की." दुसऱ्याच्या मालातली एक गाठ न सोडणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत फार उदार.

डोळ्यांची गत वेगळी नव्हती. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासायचा, असं सांगितलं होतं. थेंबांनी काही तास अंधुक दिसतं, मग स्कूटर कशी चालवणार, म्हणून चार वर्षं टाळलं. कारखान्यातल्या शिबिरात तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि डोळा ठणठणीत आहे असं स्वतःच ठरवलं.

तेव्हा माझ्या भिंतीला फुगवटे आले होते. मी पाझरायला लागले होते. माझ्या दोन बहिणी तर बुजूनच गेल्या. पण मला दुखत नाही, आणि न दुखणाऱ्याकडे माणसं ढुंकून बघत नाहीत. उपाशी पडद्याने घाईघाईने नव्या नसा उगवून घेतल्या. त्या इतक्या कच्च्या, की एके दिवशी त्यातली एक फुटलीच आणि डोळ्यात रक्त उतरलं.

त्या दिवशी मालकांना पांढऱ्या टॉवेलवर काळा धागा दिसला. त्यांनी खडूने खूण केली. दुसऱ्यावर तोच, तिसऱ्यावर तोच. यंत्रमागावरच्या ज्ञानबाला बोलावून त्यांनी सगळ्यांसमोर झापलं.

"अण्णा, हितं धागा न्हाय," ज्ञानबा म्हणाला.

"मला शिकवतोस?" मालक चिमटीने तो धागा उचलू लागले. तो काही हाती येईना. तेव्हा ज्ञानबाने टॉवेल अलगद बाजूला ओढला. धागा तिथंच होता, आता समोरच्या भिंतीवर. मालकांनी मान वळवली तशी त्यांच्याबरोबर तोही वळला. खूण केलेले सगळे टॉवेल चोख होते.

ज्ञानबानेच त्यांना रिक्षातून डोळ्यांच्या डॉक्टर धम्मप्रियाबाईंकडे नेलं. गौरम्मा तिथं धावत आली. बाईंनी थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं. मग मालकांना डावा डोळा तळहाताने झाकायला सांगितला आणि गौरम्माला समोर बसवलं.

"दिसतंय ना?"

"दिसतंय की. हिरवं लुगडं हाय."

"अहो, मी हसतेय का रडतेय, ते सांगा," गौरम्मा म्हणाली.

मालक पुढे झुकले, मान तिरकी केली, डोळा बारीक केला. आत पसरलेल्या रक्तामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग होता. मला त्यांचा राग होता, अजून आहे. पण त्या क्षणी मलाच लाज वाटली. तो चेहरा त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं.

बाईंनी स्पष्ट सांगितलं. गेलेली नजर परत येईलच असं नाही. राहिलेली राखायची तर लेझर आजच सुरू करायचं. डाव्या डोळ्यातही गळती लागली आहे, पण तो अजून वाचण्यासारखा आहे.

वाचकहो, तुम्हाला आज छान दिसतंय, हे मला ठाऊक आहे. मालकांनाही कालपर्यंत दिसत होतं. थेंब घालून घ्या, दोन तास रिक्षाने फिरा.

मी आता बुजत चालले आहे, लेझर मला परत उघडणार नाही. मालकांनी मशीनवर हनुवटी टेकवली आहे. गौरम्माने त्यांचा हात धरलाय. त्या हातावर एक कोमट थेंब पडला, त्यावरून मघाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आत्ता कळलं.